दिमोनातले पनवेलकर

२०१९ साली आपली होळी पौर्णिमा २० मार्चला होती आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचा पुरीम सुरू होत होता. दोन्ही सण वसंताच्या तोंडावरच्या पौर्णिमेचे. अधिक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे वेगळा असल्यामुळे कधी त्यांच्यात महिन्याचं अंतर पडतं, तर कधी ते एकाच रात्रीवर येतात. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरांत पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणत आले आहेत. इस्रायलमधल्या दिमोनाहून मित्राचा फोन आला तो याच निमित्ताने. ‘‘या होळीला ये. दोन्ही एका रात्री आहेत. आता नाही आलास तर आपण दोघं कधी भेटणार?’’

मग सामानाची यादी आली. कोकम, पोह्याचे पापड, आणि पोहे मात्र पेणचेच. इस्रायलमध्ये भारतीय वाण्यांची दुकानं आहेत, तिथे पोहे मिळतात, हे मला माहीत होतं. पण नातवाला सैन्यात भरतीचं बोलावणं आलं होतं, त्याच्यासाठी घरात मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नवसाचा विधी, करायचा होता आणि वहिनींना त्यासाठी पेणचे पोहे हवे होते. सोडे आणू का, असं विचारायचा प्रश्नच नव्हता. सोडे म्हणजे सुकी कोळंबी, आणि कोळंबीला ना खवले ना पर, त्यामुळे ती त्यांना चालत नाही, हे आमच्या शाळेतल्या डब्यांपासून मला ठाऊक होतं.

तो आणि मी पनवेलला एका बाकावर बसायचो. त्याचे वडील सुतारकाम करत. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव होतं, जुन्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. आमच्या लहानपणी तो धंदा विझत आला होता, पण रंध्याचा आवाज आणि लाकडाच्या भुश्याचा वास त्यांच्या ओटीवर कायम असे. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि त्या दिवशी बाकावर मी एकटा असायचो. सोमवारी माझी वही त्याच्याकडे जायची. ‘‘शनिवारी कुठे असतोस?’’ असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘मशिदीत.’’ कोकणातले बेने इस्रायली आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. मुंबईतल्या मशीद बंदर स्टेशनचं नाव तिथल्या त्यांच्या जुन्या सिनेगॉगवरून पडलं असं मानलं जातं. ते सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि कृतज्ञतेपोटी त्यांनी ते बांधलं.

१९७१ साली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि ते कुटुंब गेलं. वडील, आई, तो आणि दोन बहिणी. पत्रं काही वर्षं आली, मग विरळ झाली, मग थांबली. पुढे मोबाइल आला आणि एक दिवस अनोळखी नंबरवरून त्याचा आवाज आला, तोही थेट आमच्या आळीतल्या शिव्यांसकट.

निघण्याआधी त्याने एक काम सांगितलं होतं: मशिदीचे फोटो काढून आण. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक; म्हणजे गावात नगरपालिका यायच्या आधी हे मंदिर उभं होतं. जुन्या पनवेलमध्ये वाढलेला माणूस त्याच्यासमोरून हजार वेळा गेलेला असतो. आत किती जण गेले असतील? मी स्वतः शाळकरी वयात गेलो होतो, त्याच्याबरोबर, डोक्यावर त्याची जादा टोपी घालून. या वेळी समाजातल्या एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडून दिलं. मधोमध लाकडी कठडा असलेला चौथरा, पश्चिमेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, छताला टांगलेले काचेचे दिवे. २६ जुलै २००५च्या पुरात इथे पाणी भरलं आणि तोराच्या गुंडाळ्या निकामी झाल्या. चामड्याच्या पट्ट्यांवर लेखणीने लिहिलेला असा ग्रंथ खराब झाला म्हणून टाकून देत नाहीत, माणसाला पुरतात तसा पुरतात. ते गृहस्थ सांगत होते आणि मला लाज वाटत होती. त्या पुराच्या आठवड्यात पनवेलमधली घरं, दुकानं, वाहून गेलेल्या गाड्या यांबद्दल मी भरपूर वाचलं होतं, बोललो होतो. आमच्याच गावात असं एक दफन झालं हे माझ्या कानावर आलं नव्हतं.

‘‘सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात,’’ ते म्हणाले. ‘‘सणाला आजूबाजूची मंडळी येतात, तेव्हा होतात. एरवी दहा जमवणं दर वेळी सोपं नसतं.’’

बेने इस्रायलींची कथा रायगडातल्या माणसाला निदान तुकड्यांत माहीत असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला त्यांचं स्मारक आहे. केव्हा घडलं याबद्दल तज्ज्ञांची मतं वेगळी आहेत, पण ही परंपरा समाजाने जपली आहे. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, उरली एक ‘शेमा’ची प्रार्थना, शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता आणि माशांचा नियम. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं शनिवार तेली. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर, चेऊलकर, आपटेकर. चित्रपटांत डेव्हिड या एकाच नावाने सगळ्यांना माहीत असलेले अभिनेते मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला.

आणि हे सारं मराठीत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८८०च्या सुमारास या समाजाने कीर्तनं सुरू केली. उभं राहायचं, पूर्वरंग-उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळं आपल्या कीर्तनासारखं; आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं. उपासाच्या एका दिवसाला नाव ‘बिरड्याचा सण’, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. सांगायचं झालं तर रायगडची वालाच्या शेंगांची पोपटी आणि त्यांचं बिरडं एकाच शेतातून निघतं.

निघण्याआधी कळंबोलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेतला होता. मित्र म्हणत होता, मुलाला विमानतळावर पाठवतो. मी नको म्हटलं. मला ती वाट स्वतः चालवत जायची होती. तो १९७१ साली बसच्या खिडकीतून ज्या रस्त्याने दिमोनाला गेला, तो रस्ता मला बघायचा होता.

बेन गुरियन विमानतळ लोद शहराला लागून आहे. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना, येरुहाम ही नावं कोकणातल्या बेने इस्रायलींच्या तोंडी अशी असतात जशी आपल्या तोंडी ठाणे, डोंबिवली, बदलापूर. १९४८ साली इस्रायल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. आज तिथे भारतीय मुळाच्या ज्यूंची संख्या ऐंशी हजारांच्या वर सांगतात, त्यात बेने इस्रायली सर्वांत जास्त; भारतात सगळे मिळून पाचेक हजार उरले असतील. नव्या देशाने आलेल्यांना जागा दिली ती बहुतेक नव्या, सीमेकडच्या, वाळवंटातल्या वसाहतींत.

रामल्यात थांबलो. बाजारात एका भारतीय दुकानात शिरताच हिंगाचा वास आला. गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘‘कुठचे?’’ पनवेल म्हटल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, ‘‘अहो, पनवेलचे पाहुणे आलेत.’’ आतून आलेल्या गृहस्थांचं आजोळ निघालं पेणचं. पैसे घ्यायला दोघंही तयार होईनात, शेवटी शेवेचं पाकीट मी जवळजवळ हिसकावून घेऊन पैसे ठेवून निघालो.

तिथून दिमोना सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पनवेल ते पुणे म्हणा. गाडी उजव्या बाजूने चालवायची, पाट्या हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत. चाळीस क्रमांकाचा रस्ता किर्यात गातपर्यंत हिरव्या गव्हाच्या शेतांतून जातो. मार्च महिना, हिवाळ्याचा पाऊस नुकता संपलेला. मग हिरवा रंग पातळ होत जातो. झाडं ओळीत लावलेली दिसू लागतात, म्हणजे प्रत्येक झाड माणसाने लावून वाढवलेलं. बीरशेबाला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. पनवेलला वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. बीरशेबाचा वर्षभराचा पाऊस आमच्याकडे आषाढात एका दिवसात पडून जातो. मी चिखलात वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा विचार करत होतो. मे महिन्यात निघालेला तो मुलगा जूनची वाट पाहत असणार, आणि इथे जूनमध्ये आभाळात एक ढग नसतो.

बीरशेबाची एक जुनी कथा आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पहिल्या लाटेत आलेल्या बेने इस्रायलींना तिथे जी वागणूक मिळाली तिने ते दुखावले. काम अंगमेहनतीचं, घरं तात्पुरती, आणि रंगावरून भेद. पावसुद्धा, गोऱ्यांना पांढरा आणि यांना काळा, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ साली काही कुटुंबं तेल अवीवला जाऊन ज्यूइश एजन्सीच्या दाराशी धरणं धरून बसली: आम्हाला परत भारतात पाठवा. १९५२मध्ये शंभराहून अधिक जण खरोखरच परत आले. पुढे त्यांच्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. मला या कथेतला तो परतीचा हट्ट फार मोलाचा वाटतो. मागे परतावंसं वाटेल असं काहीतरी त्यांच्याजवळ होतं. युरोपातून, इराकमधून आलेल्यांना ती सोय नव्हती.

दुसरा घाव त्याहून खोल होता. १९६०च्या आगेमागे तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नांबद्दल शंका घेतली. शतकानुशतकं ज्यू जगापासून तुटलेला समाज, त्यांच्यात पूर्वी झालेले घटस्फोट आणि विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते कशावरून? १९६२मध्ये विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश गेले की यांच्या मागच्या पिढ्या तपासा. हजारो मैलांवर कोळ्या-आगऱ्यांच्या शेजारात शनिवार पाळत राहिलेल्या माणसांना सांगण्यात आलं की तुमचं ज्यूपण सिद्ध करा. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला निदर्शनं झाली. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या काळात संसदेने ठराव केला की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेशाची भाषा बदलावी लागली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळं असल्याचं दाखवलं. मित्राला मी ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने फुकटात सांगितलं असतं.’’

बीरशेबाहून पंचवीस क्रमांकाचा रस्ता. दोन्ही बाजूंना उघडी माती, उंटांपासून सावध राहा अशी त्रिकोणी पाटी, आणि टेकड्यांच्या उतारांवर पत्र्याच्या झोपड्यांचे पुंजके. ही बेदुइन अरबांची वस्ती. यांतल्या कित्येक गावांना सरकारी मान्यता नाही. वरून विजेच्या उच्च दाबाच्या तारा जातात, खाली घरांत वीज नाही. पनवेलच्या आसपासच्या आदिवासी वाड्या पाहिलेल्या माणसाला हे दृश्य नवीन नसतं.

दिमोना १९५५ साली वसवलेलं गाव. पहिले रहिवासी मोरोक्कोतून आलेले ज्यू, मग भारतीय. १९६९नंतर अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय हिब्रूंचा एक समाजही इथेच वसला. चार मजली सरकारी चाळी, मधल्या पटांगणात सुकत घातलेले कपडे, एका बाल्कनीत तुळस. तो खाली उभा होता. पोट सुटलेलं, केस गेलेले, चाल तीच. पहिलं वाक्य: ‘‘पोहे आणलेस ना?’’

त्या रात्री प्रार्थनामंदिरात एस्तेरची पोथी वाचली गेली. दुष्ट हामानाचं नाव आलं की पोरांनी पाय आपटायचे, खुळखुळे वाजवायचे, त्याचं नाव ऐकूच येऊ द्यायचं नाही. राजकन्या, पोलीस, वाघ, अशी सोंगं घेतलेली मुलं. मला शिमग्यातल्या बोंबा आठवल्या, त्यालाही आठवल्या असाव्यात, कारण एका हामानाला त्याने माझ्याकडे बघत जी आरोळी ठोकली ती हिब्रू नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवायला पुरणपोळी. मटणाबरोबर दूधतूप चालत नाही, म्हणून पोळीवर नारळाचं दूध. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, सून मोरोक्कन घरातली आहे. आली तेव्हा पुरण म्हणजे काय माहीत नव्हतं. आता तिच्या माहेरी हीच करून घेऊन जाते.’’ नातवंडं आजोबांना हिब्रूत ‘सबा’ म्हणतात, आजीला मात्र आजीच. त्यांना मराठी समजते, बोलत नाहीत. मुलगा बोलतो, लिहीत नाही.

मित्र लिहितो. कपाटात ‘मायबोली’चे अंक नीट रचून ठेवलेले होते. १९८०च्या दशकात इस्रायलमधल्या मराठी लोकांनी सुरू केलेलं हे त्रैमासिक. फ्लोरा सॅम्युएल आणि नोहा मस्सील यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. कविता, पाककृती, लग्नाच्या बातम्या, मृत्युलेख. तिथली मंडळी महाराष्ट्र दिन साजरा करतात, १९९६ साली जागतिक मराठी परिषदही जेरुसलेमला भरली होती. आपल्याकडे मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद होतात. ते भरवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की वाळवंटात, सरकारी आधाराशिवाय, कापडगिरणीतल्या आणि दवाखान्यातल्या नोकऱ्या सांभाळून लोकांनी हे त्रैमासिक काढलं. ज्यांची मुलं ते वाचणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, आणि तरी काढलं.

आणि क्रिकेट. इस्रायलमध्ये ते खेळतात मुख्यतः आपलेच लोक. बीरशेबा, अश्दोद, लोद, दिमोना इथे त्यांचे संघ आहेत. मित्र ऑफस्पिन टाकायचा. पनवेलच्या शाळेच्या मैदानावर त्याचा चेंडू वळायचा नाही, दिमोनाच्या धुळीत वळू लागला, असं तो अजून शपथेवर सांगतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं मृत समुद्राकडे निघालो, सूर्यास्ताच्या आत परतायचं होतं. गाडी त्याने चालवली. पंचवीस क्रमांकाचाच रस्ता दिमोनाच्या पुढे जातो. थोड्या अंतरावर अणुसंशोधन केंद्राचं कुंपण लागतं, तिथे वेग कमी करायचा नाही आणि कॅमेरा काढायचा नाही. मग उतार. डोंगर उघडे, पिवळे, मग लालसर, आणि खाली निळा पट्टा, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४३० मीटर खाली. सुरुवातीची वर्षं त्याने दिमोनाच्या कितान या कापडगिरणीत काढली, तिथे असंख्य भारतीय होते, मग सदोमच्या पोटॅश कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्याने मला मिठागरं दाखवली. मैलोन्‌मैल पसरलेली तळी, पाणी उन्हात आटवायचं, आधी मीठ बसतं, मग पोटॅशचा क्षार, तो तळातून उपसून कारखान्यात न्यायचा. तयार माल ट्रकने एलात बंदराला, तिथून जहाजाने पूर्वेकडे. भारतात पोटॅश जवळपास निघतच नाही, सगळं आयात होतं, आणि ज्या देशांतून येतं त्यांत इस्रायल आहे.

‘‘पाळीवर असताना गोणी दिसली की मी मनात म्हणायचो, जा बाबा, गुळसुंद्याच्या भाताला जा,’’ तो म्हणाला. गुळसुंदं हे त्याच्या आईचं माहेर.

तिथे, त्या पांढऱ्या काठावर बसून मी त्याला विचारलं, जे १९७१मध्ये विचारायचं राहिलं होतं. का गेलात?

तो बराच वेळ बोलत होता. वडील धार्मिक, पवित्र भूमीत मरण यावं ही इच्छा. बहिणींची लग्नं, मुंबईत, ठाण्यात मुलं होती पण तीही एकेक करून जात होती. सुतारकामात पैसा नव्हता. मामा आधीच लोदला पोचला होता. ‘‘कोणी हाकललं नाही रे. हाकललं असतं तर सोपं झालं असतं. वडील शेवटपर्यंत हेच म्हणायचे की पनवेलमध्ये आम्हाला कधी कोणी वाकडं बोललं नाही. मोरोक्कोवाले, इराकवाले त्यांच्या देशाच्या आठवणी सांगत तेव्हा रागाने सांगत. आमच्याकडे राग नव्हता. मग जे होतं ते कुणाला सांगायचं?’’

भारतात ज्यूंचा छळ कधी झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि अभिमान बाळगावा असंच आहे. पण त्या काठावर बसून मला जाणवलं की या एका वाक्यावर आपण पनवेलकर फार काळ निवांत बसलो. हाकललं नाही म्हणून हिशेब संपला, असं आपण धरून चाललो. दीडेकशे वर्षं गावात असलेली घरं एकामागून एक रिकामी झाली, आणि कोणी निरोपाची सभा घेतली नाही, कोणी त्यांच्या म्हाताऱ्यांना बसवून आठवणी लिहून घेतल्या नाहीत. त्याच वर्षांत सिडको आली, १९७३मध्ये वाशीचा पूल झाला, कळंबोली, कामोठे, खारघर उभी राहिली. येणाऱ्यांच्या गर्दीत जाणारे मोजायचे राहून गेले. राज्य सरकारने जून २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, याचा मला आनंद झाला. तोवर पनवेलमध्ये तो दर्जा घ्यायला मूठभर माणसं उरली होती.

शनिवारी रात्री मलिदा झाला. शब्बाथ संपल्यावर, आभाळात तारे दिसल्यावर. भिजवून मोकळे केलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, बदामाचे काप. परातीत त्याचा डोंगर आणि भोवती फळं: खजूर, केळी, संत्री, सफरचंद, द्राक्षं. मधे गुलाब. झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीवरच्याचा वेगळा. केळ हे शास्त्राने झाड नव्हे, म्हणून ते दुसऱ्यात. एलियाहू हन्नबीची स्तुती गायली. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि बेने इस्रायली मानतात की जाताना तो अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या कातळाला स्पर्श करून गेला. रथाची, घोड्याच्या टापांची खूण तिथे दाखवतात. म्हणून नवस बोलायचा आणि फेडायचा तो त्याला. जगातल्या इतर कुठल्याही ज्यू समाजात हा विधी असा नाही. नातू मधोमध बसला होता, अठराचा, लाजत. आजीने त्याच्या तळहातावर मलिदा ठेवला. त्याने चव घेतली आणि हिब्रूत काहीतरी विचारलं. मित्राने माझ्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं, त्यातला ‘पेण’ एवढा एकच शब्द मला कळला.

त्या नातवाबद्दल पुढे लिहायला हवं. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सीमेलगतच्या गावांत घुसून सुमारे बाराशे माणसं मारली, शेकडोंना ओलीस नेलं. त्यानंतर गाझावर जे युद्ध झालं त्यात हजारो हजार माणसं मेली, त्यांत असंख्य लहान मुलं. नातवाला राखीव दलातून बोलावणं आलं. जून २०२५मध्ये इराणचं क्षेपणास्त्र बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर पडलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथेच झालं होतं. त्या महिन्यांत आम्ही रात्री-बेरात्री बोलायचो. गाझातल्या मुलांबद्दल मी बोललो तेव्हा तो चिडला, मग गप्प झाला, मग एकदा स्वतःच म्हणाला, ‘‘तू म्हणतोस ते मला झोपू देत नाही. पण माझं पोरही तिकडे आहे.’’ आम्हा दोघांचं सगळ्यावर एकमत नाही आणि आता या वयात होईल असं वाटत नाही. फोन बंद झाले नाहीत. नातू सुखरूप परत आला. शेजारच्या चाळीतला एक मुलगा आला नाही.

२५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. ती बातमी त्याने माझ्याआधी वाचली होती. उलवं, पारगाव, ही विमानतळाकडच्या गावांची नावं त्याला पाठ आहेत; तिकडे तो खेकडे धरायला यायचा, स्वतः न खाता आमच्यासाठी. ‘‘म्हणजे आता मी थेट पनवेललाच उतरणार?’’ इस्रायलहून तसं थेट विमान नाही, मधे कुठेतरी बदलावं लागेल, असं मी सांगितलं. त्याने ते मनावर घेतलं नाही. मुलगा, नातू आणि तो, असे तिघं येणार आहेत. नवगाव, खंडाळे, गुळसुंदं. गाडी मी चालवायची, कारण डावीकडून चालवणं त्याला आता जमणार नाही. मशिदीतल्या त्या वयस्कर गृहस्थांनाही मी आधी निरोप द्यायचा आहे: तीन पुरुष येतायत, उरलेले सात जमवून ठेवा. शनिवारी वाहनात बसायचं नाही, प्रार्थनेला चालतच जायचं, म्हणून राहायची खोली जुन्या पनवेलमध्येच बघायची आहे, खारघरला नको.